कॅनडात दहा हजार डॉलरपेक्षा जास्त पैसे नेता येत नाहीत?

कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला की पहिला सल्ला येतो, "दहा हजार डॉलरच्या वर एक डॉलरही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात." हे साफ चूक आहे, आणि या भीतीपोटी लोक खरी रक्कम लपवतात, तिथेच फसतात.

रकमेला कमाल मर्यादाच नाही. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त असतील तर ते उतरल्यावर कस्टम्सला जाहीर करायचे, इतकंच. त्यावर करही लागत नाही. यात नोटांबरोबर बँक ड्राफ्ट आणि ट्रॅव्हलर्स चेकही मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. जप्ती होते ती न सांगितल्यामुळे. उलट पीआरच्या काही वर्गांतल्या अर्जदारांना इमिग्रेशन अधिकारी स्वतःच विचारतो, स्थिरावण्यापुरते पैसे आहेत ना?

सोन्याचंही तसंच. आईच्या पाटल्या, मंगळसूत्र, नेहमी वापरातले दागिने स्थायिक होताना ड्यूटीशिवाय नेता येतात. दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडून लिहून आणलेली किंमत जवळ ठेवा.

सामानाच्या याद्या दोन करा: सोबतच्या सामानाची एक, मागाहून येणाऱ्याची दुसरी. दुसरी पहिल्याच दिवशी कस्टम्सला दाखवली नाही, तर नंतर कार्गोने आलेल्या भांड्याकुंड्यांवरही ड्यूटी बसू शकते. घाईत हीच यादी राहून जाते, म्हणून ती पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.