स्टिअरिंग कमिटी वेगळी, आर्किटेक्चर बोर्ड वेगळे

प्रकल्पाची स्टिअरिंग कमिटी काय करते, हे आयटीत चार वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मुदत, खर्च, व्याप्ती आणि जोखीम यांचा ती हिशेब घेते. तिच्याच अजेंड्यात शेवटी ‘आर्किटेक्चर’ असा मुद्दा चिकटवायचा आणि ‘टोगॅफ’मधील (संस्थेच्या प्रणालींची रचना, म्हणजे आर्किटेक्चर, आखण्याच्या चौकटीतील) फेज जी, अर्थात अंमलबजावणीचे नियमन, पार पडले असे मिनिट्समध्ये लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता तिच्याविषयी सौम्य भाषेत लिहिणे जमत नाही.

स्टिअरिंग कमिटी आणि आर्किटेक्चर बोर्ड (ठरलेली रचना पाळली जाते का हे पाहणारे मंडळ), दोन्हीकडे बैठका असतात, तक्ते असतात, सदस्यही पुष्कळदा तेच असतात. ते सोडून देऊ. खरा फरक मोजपट्टीचा आहे. स्टिअरिंग कमिटी काम प्रकल्पाच्या वेळापत्रकाशी आणि अंदाजपत्रकाशी ताडून पाहते. बोर्ड तेच काम आर्किटेक्चर काँट्रॅक्टशी, म्हणजे आर्किटेक्चर कसे पाळले जाईल याविषयी राबवणाऱ्या टीमशी आधी झालेल्या कराराशी, ताडते. त्यामुळे एकच प्रकल्प एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे लाल असू शकतो.

मी पाहिलेल्या एका कर्जप्रणालीत ग्राहकाचा पत्ता सामाईक ग्राहक-सेवेच्या एपीआयमधून, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडून थेट माहिती मागवण्याच्या सोयीतून, घ्यायचा, असे ठरले होते. ती सेवा रेंगाळली, तेव्हा टीमने ग्राहकांचे टेबल रोज रात्री स्वतःच्या डेटाबेसमध्ये उतरवून घ्यायला सुरुवात केली. मुदत पाळली गेली, खर्च वाढला नाही, अभिनंदनाचा मेलही फिरला. सकाळी शाखेत बदललेला पत्ता दुपारच्या मंजुरीपत्रावर जुनाच छापला जात होता, पण स्टेटस रिपोर्टमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

अशा वेळी चेंज रिक्वेस्ट भरली जाते आणि खरा घोटाळा तेथेच होतो. चेंज रिक्वेस्टने प्रकल्पाचा आराखडा बदलतो, आणि ती मंजूर झाली की विषय मिटतो. येथे हवे होते ते डिस्पेन्सेशन, म्हणजे नियम कायम ठेवून ठरावीक मुदतीसाठी दिलेली सवलत, जिच्यात काय पाळले जात नाही, का, आणि कोणत्या तारखेपर्यंत ते दुरुस्त होईल, याची नोंद असते. तारीख नसलेल्या सवलतीला मी तरी सवलत म्हणत नाही. ती माघार आहे. नियमच चुकीचा ठरला असेल, तर तो बदलण्याची जागा फेज एच, अर्थात आर्किटेक्चरमधील बदलांचे व्यवस्थापन.

टोगॅफची स्वतःची परिभाषाही येथे फारशी मदत करत नाही. ‘कंप्लायंट’ म्हणजे ठरल्यापैकी काही केलेले नाही, पण जे केले ते ठरल्याप्रमाणे. ‘कन्फॉर्मंट’ म्हणजे ठरलेले सगळे केले, शिवाय ठरलेल्या आर्किटेक्चरला धरून नसलेले काही अधिकचेही केले. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरणारे अहवाल मी परत पाठवतो. वरची कर्जप्रणाली या दोन्हींत बसत नाही. ठरलेली गोष्टच वेगळ्या रीतीने केली, म्हणून ती ‘नॉन-कन्फॉर्मंट’.

बोर्डासाठी झालेल्या त्या प्रणालीच्या परीक्षणात तसे लिहिलेही होते. मात्र ते परीक्षण डिझाइनच्या टप्प्यावर न ठेवता गो-लाइव्हच्या, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष वापरात येण्याच्या, आठवड्यात ठेवले होते, आणि बोर्डापुढे सही करण्याखेरीज दुसरे काम उरले नव्हते.