गंजलेला बोल्ट आणि उलटा करंट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप उभी आहे. गेले दोन महिने दर रविवारी मी तिच्या खाली असते. इंजिनाचं काम त्यामानाने लवकर आटोपलं. वेळ खाल्ला तो कमानपाट्यांच्या शॅकलच्या, म्हणजे पाट्यांचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कड्यांच्या, बोल्टांनी. पहिलाच बोल्ट जागचा हलेना, म्हणून पान्याला हातभर पाइप लावला आणि अंगातलं सगळं बळ घातलं. एकदम हलकं लागलं. डोकं पान्यात आलं होतं आणि बाकीचा बोल्ट आतच राहिला होता.

दुसऱ्या बोल्टला हात लावण्याआधी शेजारच्या गॅरेजमधल्या काकांना बोलावलं. त्यांनी पाइप बाजूला ठेवला. "ताई, आधी जरासा आवळून बघा. मग सोडवा." त्यांनी हातोडीने बोल्टच्या डोक्यावर पाचसहा ठोके दिले, पाना आवळायच्या दिशेला किंचित दाबला, आणि कट्ट असा बारीक आवाज आला. त्या आवाजाच्या मागे बरंच विज्ञान आहे.

लोखंडाचा गंज होताना तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते ती जेमतेम केसाएवढी. तिथे गंज धरला की तो दोन्ही बाजूंना रेटा देतो आणि पाचर ठोकल्यासारखा बोल्ट जाम होतो. दरवाज्याच्या खाली पत्र्याच्या दोन थरांमधली शिवण फुगते तीही याच रेट्याने. पण गंज ठिसूळ असतो. पोलाद पीळ सोसतं, किंचित लवचिकपणे वळून परत येतं. गंजाला ते जमत नाही, त्याला तडा जातो. आधी आवळायचं ते हा पहिला तडा पाडण्यासाठी.

तड्यातून तेल आत जातं. तेल जितकं पातळ तितकं ते बारीक फटीत स्वतःहून चढतं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. म्हणून गॅरेजमध्ये इंजिन ऑइलऐवजी डिझेल किंवा रॉकेल मारतात आणि रात्रभर मुरू देतात. ज्या डब्ल्यूडी-४० चा डबा आपण यासाठी सर्रास वापरतो, तो १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये तयार झाला. नावाचा अर्थ, पाणी हटवण्यासाठी केलेला चाळिसावा प्रयत्न. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तो बनवला होता.

एवढ्यानेही सुटलं नाही तर गॅसची ज्योत. ती नटवर धरायची, बोल्टवर नाही. १२ मिलिमीटरच्या भोकाचा नट ३०० अंशांनी तापला तर भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. मात्र जवळ डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप किंवा रबराचं बुश असेल तर हे काम घरी करू नका, आणि नुकतं तेल मारलेल्या जागेवर ज्योत मुळीच धरू नका.

आता गंज मुळात येतो कुठून? केंब्रिजमध्ये गंजाचा अभ्यास करणाऱ्या उलिक इव्हान्स यांनी दाखवलेला एक साधा प्रयोग मी पार्किंगमध्येच करून पाहिला. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. तासाभराने पाहिलं, तर थेंबाच्या कडेची पट्टी स्वच्छ होती आणि आतल्या बाजूला तांबूस डाग धरला होता. हवेशी लागून असलेल्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. या फरकामुळे मधलं लोखंड विरघळतं आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जाऊन ऑक्सिजनला मिळतात. थेंबाएवढी बॅटरीच ती. मीठ पाण्यातून वीज वाहायला मदत करतं, म्हणून समुद्राच्या पाण्याने गाडी लवकर खाल्ली जाते.

हे कळल्यावर मी चासीकडे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याकडे, वेगळ्या नजरेने पाहू लागले. ताम्हिणीतून किंवा मुळशीच्या रानातून आलेल्या जीपच्या आडव्या पट्ट्यांच्या कोनाड्यांत चिखल साचतो. तो आठवडाभर ओला राहतो. चिखलाखाली ऑक्सिजन कमी, कडेला जास्त: थेंबासारखीच स्थिती, फक्त हातभर मोठी. जिथे चिखल बसतो नेमका तिथलाच पत्रा सडतो तो त्यामुळे. आपल्याकडे सहलीहून आल्यावर बॉनेट पुसतात, काचा पुसतात, आणि पाण्याचा पाइप खाली कुणी नेत नाही. दिवेआगरच्या वाळूवर गाडी फिरवून आल्यावर तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चासी धुतलीच पाहिजे. नव्या अलॉय व्हीलपेक्षा गाडीचं आयुष्य त्याने जास्त वाढतं, असं माझं ठाम मत आहे.

फ्लोअरवर अ‍ॅल्युमिनियमची नक्षीदार प्लेट स्क्रूने बसवायची हौसही अनेकांना असते. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, म्हणजे पुन्हा बॅटरी. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि खाली अडकलेल्या पाण्याने पत्राही. बसवायचीच असेल तर आधी फ्लोअर नीट रंगवून घ्या आणि मध्ये रबर घाला.

बॅटरी असेल तर करंट उलटाही फिरवता येतो, आणि त्याने सुट्या भागांवरचा गंज उतरवता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, दर पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेला जुन्या धाटणीचा १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेला ब्रॅकेट ऋण टोकाला, भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. टोकं उलटी जोडली तर आपलाच ब्रॅकेट झिजतो. काही मिनिटांत ब्रॅकेटवरून बुडबुडे निघू लागतात, तो हायड्रोजन. म्हणून हे उघड्यावरच करायचं, ठिणगीपासून दूर, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन सुटतो.

आणखी एक गोष्ट पाट्यांच्या बाबतीत. कमानपाटे आणि जास्त ताकदीचे बोल्ट कडक पोलादाचे असतात. हायड्रोजन त्यांत शिरला की ते ठिसूळ होतात आणि पुढे कधीतरी भार आल्यावर अचानक मोडू शकतात. ते बादलीत किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवू नयेत, वायर ब्रशनेच साफ करावेत.

माझा ब्रॅकेट सहा तासांनी बाहेर काढला. वर काळसर थर होता, तो ब्रशने सहज निघाला, आणि त्याखालून ठसा उमटवलेला जुना भाग क्रमांक दिसला. बाबांना फोटो पाठवला. तेवढ्यात कोरड्या झालेल्या कोपऱ्यावर केशरी छटा दिसायला लागली, कारण उघड्या लोखंडाला ऑगस्टमधल्या पुण्याच्या दमट हवेत अर्धा तासही पुरतो. ब्रॅकेट हेअर ड्रायरने सुकवला आणि लगेच रेड ऑक्साइडचा हात मारला. त्या प्रायमरचा लाल रंगसुद्धा लोखंडाच्याच ऑक्साइडचा, फक्त तो आधीच स्थिरावलेला असतो.

तुटलेला बोल्ट अजून आत आहे. पुढच्या रविवारी काका ड्रिल घेऊन येणार आहेत.