ऋण सोडणारा देव: ख्रिस्ती कृपाविचाराची पार्श्वभूमी

मराठी उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' पहिल्यांदा ऐकणारा इथे अडखळतो. देवाकडून कर्ज कोणी काढले? उत्तर येशूच्या बोलीत आहे. अरामी भाषेत 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चाले आणि पापालाही. येशूचे चरित्र सांगणारे शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिताना मत्तयाने ऋण राखले, लूकने आपल्या शुभवर्तमानात त्याच ठिकाणी 'पापे' असे लिहिले. मराठी भाषांतरकारांनी मत्तयाचे ऋण तसेच ठेवले याचा मला आनंद वाटतो. पापक्षमेचा ख्रिस्ती इतिहास हा पुष्कळसा एका खातेवहीचा इतिहास आहे. तिच्यात नोंद कोण करतो, बाकी कोण फेडतो आणि ती वही मिटवण्याचा अधिकार कोणाचा, यावर चर्च शतकानुशतके भांडले आहे.

येशूने हे एका दृष्टांतात सांगितले. एका चाकराकडे राजाचे १०,००० तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. चाकर म्हणतो, 'मला सांभाळून घ्या, सगळे फेडीन.' हे कधीच फिटणार नाही, हे राजाला ठाऊक आहे. तो मुदत देत नाही, हप्तेही बांधून देत नाही, सगळेच सोडून देतो. तोच चाकर बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि मिळालेली माफी गमावून बसतो. उधळ्या पुत्राच्या, म्हणजे बापाचे धन उडवून घरी परतणाऱ्या मुलाच्या दृष्टांतातही क्षमा अशीच हिशेबाविना मिळते. 'मला मोलकऱ्यांपैकी एक ठेवा' हे वाक्य मुलगा वाटभर मनाशी घोकत येतो, पण बाप धावत जाऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य बोलायचेच राहून जाते.

येशूचा प्रेषित पौल याने या अनुभवाला नाव दिले ते 'खारिस', म्हणजे कृपा. ग्रीक-रोमन व्यवहारात खारिस ही मेहेरबानी असे. ती लायक माणूस पाहून करायची आणि त्याने ती कृतज्ञतेने फेडायची, अशी रीत होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, साधारण इ.स. ५७च्या सुमारास, पौलाने ही रीतच उलटी केली. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे त्याने लिहिले. नालायकाला दिलेले दान ही त्या काळच्या कानांना धक्कादायक गोष्ट होती.

खरी परीक्षा झाली ती छळाच्या दिवसांत. इ.स. २५०च्या सुमारास सम्राट डेशियसने फर्मान काढले की प्रत्येकाने रोमच्या देवांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशी काही प्रमाणपत्रे पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत. जिवाच्या भीतीने कित्येक ख्रिस्ती जनांनी बळी अर्पण केला, काहींनी लाच देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरला आणि ही माणसे रडत चर्चच्या दाराशी आली. आत ज्यांनी नकार देऊन तुरुंग भोगला होता, ते बसलेले. रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, देव त्यांना क्षमा करील तर करो, चर्चने दार उघडू नये. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियनने दीर्घ प्रायश्चित्तानंतर का होईना, दार उघडे ठेवायचा मार्ग धरला. पुढे २५८ साली त्याने स्वतः हौतात्म्य पत्करले. मला हा प्रसंग मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपल्याला सोडून पळालेल्या भावाला पुन्हा प्रभुभोजनाच्या मेजाशी बसवणे हे कागदावर लिहिण्याइतके सोपे नव्हते.

पाचव्या शतकात वाद आणखी खोल गेला. ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस हा कडक आचरणाचा साधुपुरुष. देवाने आज्ञा दिली त्याअर्थी माणसाला ती पाळता येतेच, असे तो शिकवी. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात देवाला म्हटले होते: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे. हे ऐकून पेलाजियस चिडला, कारण मग माणूस प्रयत्न कशाला करील? ऑगस्टीनचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून आले होते. इच्छा असूनही सुटत नाही अशी बेडी त्याने वर्षानुवर्षे अनुभवली होती. ४१८च्या कार्थेज परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. आपल्याकडे वैष्णवांमध्ये याच्याशी मिळताजुळता वाद झाला आहे: भक्ताने देवाला धरायचे, की देवानेच भक्ताला? माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिलू मात्र आईच तोंडात धरून नेते. ऑगस्टीनला कोणता न्याय पटला असता, हे सांगायला नको.

तरीही वही परत आली. आयर्लंडच्या मठांमध्ये कोणत्या पापाला किती दिवसांचा उपास याच्या याद्या झाल्या. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे सर्वांना बंधनकारक केले. मग क्षमापत्रे आली. शिकवणीप्रमाणे त्यांनी पापाची क्षमा होत नसे, क्षमा झालेल्या पापाचा उरलेला, मुदतीपुरता दंड तेवढा कमी होई. बाजारात हा फरक टिकला नाही. जर्मनीतल्या आर्चबिशप आल्ब्रेख्तने पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले होते. क्षमापत्रांच्या उत्पन्नातला अर्धा वाटा त्या कर्जापोटी आणि अर्धा रोमच्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाला, असे ठरले. येशूने ज्या शब्दात क्षमा सांगितली, त्याच ऋणाच्या व्यवहारात क्षमा विकली गेली, याचे मला आजही दुःख होते.

विटेनबर्गचा मार्टिन ल्यूथर हा तासन्‌तास पापनिवेदन करूनही शांती न मिळालेला संन्यासी होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने क्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध ९५ विधाने मांडली. पौलाच्या पत्रातले 'देवाचे नीतिमत्त्व' हे आपल्याला शिक्षा करणारे नसून देव आपल्याला देतो ते दान आहे, हे उमगले तेव्हा जणू स्वर्गाची दारे उघडली, असे त्याने पुढे लिहिले. इथे न्यायाने हेही सांगायला हवे की, तारणाची सुरुवात कोणी स्वतःच्या पुण्याने कमावू शकत नाही, असे ल्यूथरच्या चळवळीला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनेही १५४७ साली स्पष्ट म्हटले. मतभेद होता तो माणसाच्या सहकाराला किती जागा, यावर. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्या आउग्सबुर्गमध्येच, फुगर सावकारांच्या गावी.

मराठीत हा विचार परका राहिला नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. 'कृपा', 'पतितपावन', 'शरण' हे शब्द संतांनी आधीच घडवून ठेवले होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत.

पंडिता रमाबाईंना कृपा प्रथम दिसली ती पुस्तकात नव्हे. १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना भगिनी-मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. या बायकांची एवढी काळजी का, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; तिचे सगळे आयुष्य ठाऊक असूनही येशू तिच्याशी आपणहून बोलला होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटला तो आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी घर उघडले, आणि त्याचे नाव ठेवले कृपासदन.