सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू प्लेटवर वाढवताना

रोप पेरणीनंतर साधारण ४० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, ढेकळासकट खणून काढावं. उपटलं तर चांगल्या गाठी मातीतच राहतात. एखादी गाठ कापून पाहा: आत लालसर गुलाबी असेल तर ती नत्र धरतेय, हिरवट झाली असेल तर तिचे दिवस भरले.

निवडलेल्या गाठीला मुळाचा जरासा तुकडा राहू द्यावा, चिमट्यात धरायला बरा पडतो. मग ती ९५ टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं बुडवायची आणि निर्जंतुक पाण्याने ५-६ वेळा धुवायची. अल्कोहोल इथे मुख्यतः गाठ ओली करायला असतं. त्याने पृष्ठभागाला चिकटलेली हवा सुटते. धुण्यात आळस केला, तर उरलेलं हायपोक्लोराइट गाठ चिरडल्यावर आतल्या जिवाणूंनाच मारतं. शेवटच्या धुण्याचा एक थेंब माध्यम (जिवाणूंचं खाद्य) ओतलेल्या वेगळ्या प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या उथळ बशीत, टाकून ठेवा. त्यात काही उगवलं, तर वरची घाण गेलेलीच नाही.

माध्यमाला एक लिटर पाण्यात मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्टचा अर्क आणि डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा-अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१ आणि घट्टपणासाठी अगार १५ ग्रॅम, सामू ६.८. वर काँगो रेड या लाल रंगाचं ०.२५ टक्के द्रावण १० मिलि; भेसळीचे जिवाणू हा रंग शोषून गडद लाल होतात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) १२१ अंशांवर २० मिनिटं. ओतायचं मात्र ५० अंशांच्या आसपास आल्यावर. फार गरम ओतलं की झाकणाला वाफ धरते, पाणी टपकतं आणि वेगवेगळ्या कॉलनी (जिवाणूंचे वाढलेले ठिपके) एकमेकींत मिसळतात. प्लेट उलट्या ठेवतात त्या यासाठीच.

गाठ निर्जंतुक पाण्याच्या थेंबात चिरडून लूपने (टोकाला कडी असलेल्या तारेने) प्लेटवर रेघा ओढा. दर टप्प्याला लूप लाल तापवून, निववून मगच पुढे. प्लेट २८ अंशांवर, अंधारात ठेवा. उजेडात हा जिवाणूही काँगो रेड शोषतो आणि ओळख फसते.

इथे घाई नडते. दुसऱ्या दिवशी प्लेट भरून आली की नवख्याला आनंद होतो, पण ती भेसळ असते. सोयाबीनचा नेहमीचा सोबती ब्रॅडिरायझोबियम संथ आहे: ५ ते ७ दिवसांनी टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढुरक्या, फुगीर कॉलनी दिसतात. गडद लाल झालेल्या सोडून द्या.

तरी दिसण्यावरून खात्री होत नाही. निर्जंतुक वाळूत, नत्र नसलेल्या खतपाण्यावर सोयाबीन लावून मुळाशी हे कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेला जिवाणू, घालावं आणि महिन्याने गाठी पाहाव्यात. शेजारी कल्चर न घातलेली कुंडी हवीच. तिच्यातही गाठी आल्या, तर वाळू, बी किंवा पाणी यांपैकी काहीतरी निर्जंतुक नव्हतं. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.