हृदयावरचा वण

हृदयावरचा वण म्हणजे हृदयाच्या स्नायूला किंवा झडपेला इजा झाल्यावर त्या जागी तयार होणारी टणक, तंतुमय ऊती. कातडीवरच्या वणासारखीच ती कोलॅजन या प्रथिनाची असते. मात्र हाताला भाजल्याचा लहानसा वण सहसा कामाच्या आड येत नाही, हृदयावरचा येतो. हृदयाच्या स्नायुपेशी नव्याने जवळपास तयारच होत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी सहा-आठ आठवड्यांत वण पक्का होतो. तो आकुंचन पावत नाही, त्यामुळे सगळा भार उरलेल्या स्नायूवर पडतो. विजेचा संदेश वणाभोवती घुमत राहिला तर ठोके बेताल होऊन जीवही जाऊ शकतो.

झटक्याच्या वेळी हृदयाची रक्तवाहिनी जितका वेळ बंद, तितका वण मोठा. बायकांचा हा वेळ घरातच जातो. झटक्यात त्यांच्याही छातीत दुखतेच, पण सोबत धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणे, गळून जाणे हे पुरुषांपेक्षा जास्त आढळते. मग बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ‘पित्त झालंय’ म्हणून ओवा चघळला जातो आणि धार, भाकरी उरकल्यावरच दवाखान्याचा विषय निघतो.

निपाणी हा तंबाखूचा मुलूख. चुलीशेजारच्या डबीतली मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, कित्येक बायका दिवसातून अनेकदा दातांना लावतात. तिच्यातले निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले तर बाई ‘नाही’ म्हणते, आणि खोटे बोलत नसते; मशेरी तिच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. मशेरीचे नाव घेऊनच विचारायला हवे.

झडपेवरच्या वणाची सुरुवात लहानपणी होते. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकॉकस या जंतूने घसा धरतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या पाकळ्या वणाने चिकटतात. ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट १.५ किंवा त्याहून कमी उरली की आजार गंभीर मानतात. हा आजार स्त्रियांत अधिक दिसतो आणि अनेकदा गरोदरपणातच उघडा पडतो, कारण तेव्हा शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते. ‘पोटुशीला दम लागायचाच’ हे खरे; पण आडवे पडल्यावर गुदमरत असेल, रात्री उठून बसावे लागत असेल, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवा. चिकटलेली झडप फुग्याने उघडता येते. ही पद्धत जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये मांडली. पुन्हा संधिवाताचा ताप येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

वणाचा तिसरा प्रकार हळूहळू पसरणारा. रक्तदाब, मधुमेह आणि वाढते वय यांमुळे स्नायूत बारीक तंतू साचतात, हृदय ताठरते. पंपाची टक्केवारी, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर फेकते ते, चांगली असूनही धाप लागते; हे पाळी गेलेल्या बायकांत जास्त. अशीला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

जुना वण गोळ्यांनी पुसत नाही. नवा वाढणे रोखता येते. त्यासाठीच्या काही गोळ्या, विशेषतः नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या, गर्भाला घातक ठरतात, म्हणून दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगावे.