त्वचेची दुरुस्ती व पुनर्जनन (रेणवीय नियमन)

पेशी एकमेकींना देत असलेल्या रासायनिक निरोपांवर जखम कशी भरते, याचा अभ्यास. दुरुस्ती आणि पुनर्जनन हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, ते चूक आहे. दुरुस्तीत भगदाड बुजते, पण वण राहतो. पुनर्जननात केस आणि घामाच्या ग्रंथींसह मूळची कातडी परत येते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस सांडून खोलवर भाजलेल्या गुळव्याचा हात पाहिला की फरक कळतो : वणावर ना केस उगवतो, ना घाम येतो.

रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंतून पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे वृद्धी घटक (पेशींना निरोप देणारी प्रथिने) सुटतात. त्यांच्या हाकेला भक्षक पेशी धावतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. मग बाह्यत्वचेच्या पेशी कडेकडून सरकत खपलीखाली शिरतात. खाली घाईघाईने प्रकार ३ चे कोलॅजन (कातडीला बळ देणारे तंतुमय प्रथिन) विणले जाते. त्याच्या जागी प्रकार १ यायला महिने लागतात, तरी वणाची ताकद मूळच्या ८० टक्क्यांपुढे जात नाही.

खरी गोम निरोप वेळेवर थांबण्यात आहे. दाह शमला नाही तर मधुमेहींच्या पायाची जखम चिघळत राहते. टीजीएफ-बीटा आवरला नाही तर वण फुगतो. पीडीजीएफचे मलम अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाले खरे, पण चिघळलेल्या जखमेतली विकरे असे घटकच तोडून टाकतात.

तालमीच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल मिसळतात. हळदीतले करक्युमिन प्रयोगशाळेत एनएफ-कप्पा-बी या दाहकारक प्रथिनाला लगाम घालते. (तरी खरचटल्यावर ही माती लावू नये, तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.) हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) १९९७ मध्ये रद्द करवले. त्या लढ्यात हे ज्ञान जुने असल्याचे सिद्ध झाले. हळदीचा गुण किती, हा प्रश्न वेगळा.

कोल्हापुरातील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी व पुनर्जनन वैद्यकाचा विभाग आहे.

गर्भातल्या बाळाची जखम पहिल्या काही महिन्यांत वणाविना भरते. जन्मानंतर मात्र जखमेवरचा ताण कोलॅजन विणणाऱ्या काही तंतुजनक पेशींत एन्ग्रेल्ड-१ हे जनुक जागे करतो आणि त्या वण विणू लागतात. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ताणाचा हा निरोप वर्टेपॉर्फिन या औषधाने अडवला, तेव्हा उंदरांच्या जखमेत केसांच्या मुळांसकट त्वचा उगवली.