सिलिकॉन का पीयू? बोटीवरचं जुनं क्लीट उपटायच्या आधी हे पाहा

आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर एक जुनी शिडाची फायबर बोट आली. शीड कधीचंच गेलं, पण डेकवर दोऱ्या बांधायचे क्लीट तसेच, अन् जाळं ओढलं की बरोबर त्यातच अडकते. म्हटलं काढून टाकू. खालून नट काढले, बोल्ट काढले, तरी क्लीट जागचं हलेना, कारण खाली पांढरा रबरासारखा थर. तालुक्याचा हार्डवेअरवाला म्हणे सिलिकॉन आहे, ओढा. ओढलं, तं क्लीटसोबत जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचा, रुपयाएवढा टवका आला ना भाऊ.

ते पीयू होतं, म्हणजे पॉलियुरेथेन. दिसायला दोन्ही सारखेच, दोन्ही ट्यूबमधून येतात, दोन्ही वाळल्यावर रबरच. पण सिलिकॉन फटीत पाणी जाऊ नये म्हणून असते, त्याची पकड बेताचीच. पीयू पाणीही अडवते अन् धरूनही ठेवते, त्यातलं थ्रीएम कंपनीचं ५२०० नावाचं पीयू तर कायमचं बसवायलाच बनवलंय, अन् लोक ते काढायच्या वस्तूखालीही फासून मोकळे होतात.

ओळखायचं कसं? कडेला नख घाला. सिलिकॉनची पट्टी ताणून निघून येते, पीयू डेकला चिकटूनच राहते, तुटते पण सुटत नाही. पांढरं पीयू उन्हानं पिवळंही पडते. तरी शंका असली तं चिमूटभर तुकडा कापून बाहेर मोकळ्यावर जाळून पाहा, सिलिकॉनची पांढरी राख होते, पीयू काळा धूर सोडते. धूर विषारी असते, वारा जिकडून येते त्या बाजूला उभे राहा.

पीयू असलं तं उपटायचं नाही, कापायचं. मी गाडीच्या जुन्या क्लच वायरीची एक तार उकलून दोन्ही टोकांना काड्या बांधल्या अन् क्लीटखालून करवतीसारखी ओढली, मागून बांबूच्या पाचरी सरकवत गेलो. लोखंडी पटाशी घालू नका, डेकच्या आत बऱ्याचदा बाल्साचं हलकं लाकूड असते, ते दबते. ५२०० साधारण ८८ अंशाच्या पुढं ढिलं पडते, म्हणून हीट गन चालते, पण आच धातूवर द्यायची, फायबरवर नाही. नवतपाच्या उन्हात डेकवर हात ठेववत नाही, पण तेवढ्यानं पीयू सुटत नाही, मी दुपारभर वाट पाहून बसलेला माणूस आहे. अन् सिलिकॉनला हीट गन दाखवून उपयोगच नाही, ते २०० अंशापर्यंत आरामात राहते.

आता गंमत अशी की काढायला सोपं तेच मागून जास्त छळते. पीयूचे अवशेष खरडून घासले की जागा साफ, नवीन काहीही चिकटते. सिलिकॉनचा न दिसणारा तेलकट थर मागं राहते, त्यावर रंग धरत नाही, इपॉक्सी धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. ॲसिटोननं वाळलेलं सिलिकॉन विरघळत नाही, उलटं पसरते. आधी धारदार पात्यानं सगळं खरडा, मग पॉलिश पेपर, नाहीतर घासताना ते चरांमध्ये जाऊन बसते.

दुसरं क्लीट खरंच सिलिकॉनवर होतं, दोन मिनिटात निघालं. त्याच जागी तीनदा रंग लावला, तिन्ही वेळा मधेमधे टिकल्यांएवढी जागा उघडी पडली.